पडीक लिहिलेला काठ

उत्तमराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंगरूळपीरच्या बसस्टँडवर होतो. मनात पहिली आली ती सुटका. आता या माणसाच्या नजरेला नजर द्यायला नको... दीड महिना झाला, अजून त्या पहिल्या भावनेची लाज वाटते. खोटं कशाला सांगू?

उत्तमराव एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी पैनगंगेचा काठ धरला. सकाळी आम्ही दोघं जात असू. मी शाळामास्तर, मला पाखरं पुस्तकातली ठाऊक, त्यांना आवाजावरून. हिवाळ्यात बदकं आली की म्हणत, "मास्तर, आज अकरा उतरले." जणू बदकं मालेगावच्या गाडीनं आली होती! गावाखालच्या वळणावर नदीची उभी दरड होती. उन्हाळ्यात वेडे राघू आणि खंड्या तिच्यात बिळं करून अंडी घालत. उत्तमराव तिथं भुईला कान लावून पडायचे आणि मलाही पाडायचे. "ऐका, अंदर बोलून राह्यले." मला पुष्कळदा काहीच ऐकू येत नसे. तरी मी मान हलवायचो.

मग नदी खोल करायचं काम मंजूर झालं. दरड कापून काठाला उतार देणार होते. उत्तमराव घाबरेघुबरे माझ्याकडे आले. अर्ज लिहायचा होता. "लिवा, इथं पाखरायचे घरं हायेत. पावसाळ्यापर्यंत थांबा." मला हसू आलं. असा कुठं अर्ज असतो का? सरकारी भाषा मला येते, याचा मला भारी तोरा. मी ऐटीत लिहिलं, "सदर काठ पडीक असून तेथे पक्ष्यांचा वावर आहे." पडीक अशासाठी, की तो राखला तर कोणाच्या पिकाचं नुकसान नाही हे साहेबांच्या ध्यानात यावं. उत्तमरावांनी न वाचता सही केली. माझ्यावर भरवसा होता ना!

उत्तर आलं. अर्जदाराच्याच म्हणण्याप्रमाणे काठ पडीक आहे, सबब कामास हरकत नाही. माझं वाक्य उचलून त्यांनी आमच्याच तोंडावर मारलं होतं. उत्तमराव कागद घेऊन माझ्या ओट्यावर बसले.

"मास्तर, पडीक काहून लिवलं? तिथं तं बारा महिने राबता हाय."

मी त्यांना शब्दाचा अर्थ समजावून सांगायला लागलो. व्याकरण शिकवलं मी त्या माणसाला, त्या वेळी!

पोकलेन आलं तेव्हा मी अनसिंगला पाहुण्यांकडे जाऊन बसलो. दोन दिवसांनी परतलो आणि भीत भीत विचारलं. ते म्हणाले, "बिळं खाली होती, मास्तर. उडाले सारे." मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की जेवण दोन घास जास्त गेलं. त्यानंतर गुडघ्याचं कारण सांगून त्यांनी नदीवर यायचं सोडलं. मी तेही खरं मानलं, कारण मला ते सोयीचं होतं.

उत्तमराव गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात गावानं फ्लेक्स लावला, 'पक्षिमित्र'. नदीचं काम मागून आणणारेच त्याच्याखाली उभे राहून फोटो काढत होते. त्यांना काय बोलू? मी तरी कोण लागून गेलो होतो...

गर्दी पांगल्यावर वहिनींनी मला आतल्या खोलीत नेलं. खाटेखालून बुटाचं खोकं ओढलं. आत कापूस, मध्ये दबून खळगा झालेला.

"त्या दिवशी मशीनपुढं आडवे झाले होते. लोकायनं ओढलं. मंग मातीतून दोन पिल्लं काढून आणले, शर्टात घालून. बाकीचे दबले. तीन दिवस नाकतोडे पकडून चारत होते. जगले नाई." त्या थांबल्या. "तुमाले सांगू नोको म्हणे. मास्तरले वाईट वाटीन."

मी तिथं रडलो नाही. मला उत्तमरावांचा संताप आला. मला न विचारता माफ करून मोकळा झाला हा माणूस. एकदा शिवी दिली असती, तर मी पाय तरी धरले असते.