कडेची बाई

इतिहास संग्रहालयाची वेबसाइट आणि सोशल मीडिया ती एकटीच सांभाळायची. गोदी कामगारांच्या संपाचा जुना फोटो ती दरवर्षी टाकायची. फोटो लांबलचक, मोबाइलवर मावायचा नाही. मग मधला पुढारी ठेवून दोन्ही कडा छाटायच्या. हातच बसला होता तसा.

यंदा तिची आत्या पहिल्यांदाच संग्रहालय बघायला आली. भिंतीवरच्या मूळ फोटोसमोर म्हातारी थबकली आणि डाव्या कडेच्या, मूठ वळलेल्या बाईवर तिनं बोट ठेवलं.

"अगं, ही तुझी आजी!"

"काहीतरीच काय, आत्या!"

"माझ्या आईला मी ओळखणार नाही होय? ती कपाळावरची खोकेची खूण बघ. तू मोबाइलवर टाकतेस त्या फोटोत मात्र ही कधी दिसली नाही गं?"

भाचीनं मोबाइल काढून आपला छाटलेला फोटो भिंतीवरच्या फोटोशेजारी धरला. घरात आजीचा एकही फोटो नव्हता. होता तो इथे, आणि त्यातून आजीला दरवर्षी तिनंच आपल्या हातानं कापून टाकलं होतं!

तिथेच बसून तिनं अख्खा फोटो टाकला. लगेच संचालकांचा फोन आला, "अहो, पुढारी मुंगीएवढे दिसतायत!"

"दिसू देत," ती कडाडली. "संप काय त्यांनी एकट्यानं केला होता?"