गाल निवेल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला तर माझं सगळंच न सांगता कळतं.

अमेरिकेत लढाई पेटली आणि आमच्या अमरावतीच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हाची गोष्ट. वजन वाढावं म्हणून पाणी मारलेला कापूस सर्रास बाजारात येई. माझे मामा मूठभर कापूस उजव्या गालाला लावत आणि सांगत, ओला की कोरडा. व्यापारी त्या गालावर विश्वास ठेवत. देवावर ठेवत त्याहून जरा जास्तच.

त्याच गालात कळ शिरली. वारा लागला, घास घेतला, की वीज पडल्यासारखी. वैदूनं दाढदुखी ठरवून चांगल्या दाढा उपटल्या. दाढा गेल्या, कळ राहिली.

अकोल्याला एक गोरा डॉक्टर होता. दुभाष्या मी — इंग्रजी शिकलेला, म्हणून पागोटंही जरा मोठंच. डॉक्टर म्हणाला, अफू घेत दिवस काढा, नाहीतर भूल देऊन गालातली नस कापतो. कळ बहुधा थांबेल, पण गाल — पुढचा शब्द मला येत नव्हता. विचारायचं होतं फक्त. पण भोवती माणसं जमलेली, माझं इंग्रजी ऐकायला! मी म्हणालो, "गाल निवेल."

संध्याकाळी कोशात शब्द पाहिला. बधिर. मग मी काय केलं? कोश मिटला.

नस कापायच्या दिवशी मामांनी विचारलं, "काय रे, कापल्यावर माह्या गालाले ओल समजन ना?"

"समजन, मामा."

"सायबाले इचारलं ना तू?"

"इचारलं."

हो, अफूवर राहायचं की गाल द्यायचा, हे त्यांनी ठरवायचं होतं. ठरवलं मी.

कळ गेली, हे खरं. जखम भरल्यावर मामा बाजारात आले, कापूस गालाला लावला — आणि तसेच उभे राहिले. मग डाव्या गालाला लावला. "हा तं अडाणीच निंगाला," म्हणून हसले, मूठ अलगद ढिगावर ठेवली. पुन्हा उचलली नाही.

मरेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "भाच्याच्या इंग्रजीनं वाचलो." मी शेजारीच बसलेला असे. पागोटं नीट करत असे.