साल्झबर्गमधली पिवळी इमारत

बारा दिवसांत सात शहरं. आदिलाबादच्या महसूल कार्यालयातून निवृत्त झाल्यावर हा बेत मीच वहीत आखला होता. पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, कोलोन, प्राग, साल्झबर्ग, व्हिएन्ना. मुलगी म्युनिकला नोकरी करते. ती फोनवर म्हणाली, "बाबा, एका गावी तीन रात्री तरी राहा. नाही तर नुसत्या बॅगाच उचलत राहाल."

"आपल्या बेला गावाहून आदिलाबादले जातो तसंच हाये," मी म्हणालो. "गाडीत बसाचं न् उतराचं."

ॲमस्टरडॅमपर्यंत ठीक चाललं. कोलोनला सकाळी उठून मी बाथरूम समजून कपाटाचं दार उघडलं. प्रागला नाश्ता करताना बायकोनं विचारलं, "आज कोणतं गाव हाये?" ती थट्टा करत नव्हती. मलाही क्षणभर आठवेना.

साल्झबर्गला पोचलो तेव्हा दुपार होती. बायकोचं डोकं दुखत होतं. ती झोपली आणि मी चहासाठी दूध आणायला उतरलो. परतताना चर्चपासून डावीकडे वळलो, पूल ओलांडला, तिसऱ्या गल्लीत शिरलो. पाय आपोआप चालले होते. पिवळी इमारत समोर होती. किल्ली लागेना, म्हणून घंटी वाजवली.

एका म्हाताऱ्या बाईनं दार उघडलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, हातातल्या दुधाकडे पाहिलं आणि काही न विचारता जिन्याकडे बोट दाखवलं.

वरचं दार अर्धवट उघडं होतं. पडदे ओढलेले. पलंगावर भिंतीकडे तोंड करून, डोक्यावरून पांढरी दुलई घेऊन ती झोपली होती. झोपमोड नको म्हणून मी दूध टेबलावर ठेवलं आणि खुर्चीत बसलो. घड्याळाची टिकटिक ऐकत किती वेळ गेला कोण जाणे. मग लक्षात आलं, आमच्या खोलीत घड्याळ नव्हतं. बॅगाही दिसत नव्हत्या.

तेवढ्यात दुलईतून एक हात बाहेर आला. लांब, पिवळसर बोटं. बांगड्या नव्हत्या. तो हात चाचपडत माझ्याकडे आला आणि पलंगाच्या कडेला तळवा उघडा ठेवून थांबला.

मी जिना कसा उतरलो ते आठवत नाही. खाली ती बाई तशीच उभी होती. तिनं मान हलवली आणि दार लावून घेतलं.

रस्त्यावर फोन वाजला. "अहो, कुठं हा तुमी? दोन तास झाले."

मला वाटत होतं, अर्धा तास झाला असेल. मुलीनं फोनवर रस्ता सांगत मला हॉटेलपर्यंत आणलं. आमचं हॉटेल नदीच्या अलीकडेच होतं. मी चाललो होतो तो रस्ता प्रागच्या हॉटेलचा होता.

व्हिएन्ना रद्द केलं. दोन दिवस आम्ही फक्त झोपलो, जेवलो आणि नदीकाठी बाकावर बसलो. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "मले ते घर दाखवा."

"काऊन?"

"तुमी झोपेत दचकून राह्यले. एकदा पाहून घेऊ."

घर सापडलं. त्याच बाईनं दार उघडलं. मी मुलीला फोन लावून त्या बाईच्या हातात दिला. त्या दोघी बराच वेळ बोलल्या.

"बाबा," मुलगी नंतर म्हणाली, "वर तिचा नवरा असतो. दोन वर्षं झाली, अंथरुणावरच आहे. बोलत नाही. रोज त्यांना दूध पाजायला येणारा मदतनीस बदलत असतो, तिला वाटलं तुम्ही तेच. तुम्ही जवळ येऊन बसलात ते त्यांना कळलं, असं ती म्हणते. तेव्हापासून ते हात दुलईच्या आत घेत नाहीत."

बायकोनं चपला काढल्या आणि ती जिना चढून वर गेली. मी दाराशीच थांबलो. माझ्यानं पायरीवर पाय ठेववेना. पंधरा मिनिटांनी ती उतरली, नळाखाली हात धुतले आणि म्हणाली, "लय थंड हात हाये."

परवा आदिलाबादजवळच्या जैनथचा एक जुना सहकारी त्याचा बेत घेऊन घरी आला. दहा दिवस, सहा देश. मी चार नावांवर काट मारली. त्यानं कारण विचारलं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "दगदग होते."