टेबलाखालचा पाहुणा

धरणाचं पाणी सोडण्याआधीचा भोंगा वाजला की मला अजून सांडलेला चहा दिसतो. मी लग्न होऊन भातसानगरला नुकतीच आले होते. यंत्रं बसवायला आलेला म्हातारा जर्मन इंजिनीअर आमच्याकडे चहा पीत होता. भोंगा झाला आणि तो कप टाकून टेबलाखाली शिरला. मला हसू आलं.

“लहानपणी त्याच्या गावावर बाँब पडलेत,” हे हळूच म्हणाले.

सासूबाई कळवळल्या. “कोनी टाकले रे मेल्यांनी?”

ह्यांनी त्याला इंग्रजीत विचारलं. टेबलाखालूनच तो म्हणाला, “आधी आम्ही टाकले.”

ह्यांनी ते मराठीत सांगताच त्याच्या पाठीकडे गेलेला सासूबाईंचा हात मध्येच थांबला. तेव्हा मला तो भित्रा वाटला. आता वाटतं, एवढ्या भीतीतही त्याने आयती मिळालेली दया घेतली नाही.