वाचणाऱ्याची खुर्ची

माणूस समोर आला की काका आधी त्याच्या खांद्यांकडे बघायचे. मग मान, मग छाती, मग मनगट. हवेतल्या हवेत बोटं किंचित हलायची आणि तोंडातून दोन शब्द यायचे, "अळवु झालं." अळवु म्हणजे माप. तंजावूरच्या मराठीत असे तमिळ शब्द घरच्यासारखे वावरतात. गळ्यातली टेप केवळ गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी असायची.

मी मूळची साताऱ्याची. जुन्या मोडी कागदांची सूची करण्याच्या कामावर तंजावूरला आले आणि काकांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली. ओट्यावर त्यांचं मशीन, मागे ब्लाउजपीसांचा ढीग. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण ऑपरेशनचं नाव काढलं की ते दिवसभर बोलत नसत. रोज सकाळी कामावर जाताना मी त्यांना दहा सुया ओवून द्यायचे. बाकी सगळं शिवण हाताच्या अंदाजावर. एकदा माझ्या निळ्या ब्लाउजची एक बाही त्यांनी हिरव्या दोऱ्याने शिवली. मी दाखवलं तर म्हणाले, "आंत अहे, कोण बघतो?"

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मात्र काका इस्त्रीची पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसून निघायचे. कुठे, विचारलं तर "तेथें काम अहे." तेथें म्हणजे गावातला तो उंच भिंतीचा बंगला. त्याला पाटी नाही. तो जुन्या मराठी घराण्यांचा क्लब आहे एवढंच गावाला माहीत होतं. सभासद कोण, आत काय चालतं, कोणी सांगत नसे. अर्ज करायची सोय नव्हती. बोलावणं आलं तरच जायचं. आमच्या साहेबांची अख्खी नोकरी त्या बोलावण्याची वाट बघण्यात गेली. काका तिथे पडदे शिवायला जात असतील अशी माझी समजूत होती.

एका दुपारी गावातले नावाजलेले डोळ्यांचे डॉक्टर माझ्या टेबलाशी येऊन बसले. आवाज खाली आणून म्हणाले, ते क्लबचे सेक्रेटरी आहेत. क्लबचे नियम एका जुन्या मोडी कागदावर आहेत. दर बैठकीत ते मोठ्याने वाचायचे आणि मगच निर्णय घ्यायचे, अशी रीत आहे. सभासद सगळे तमिळ शाळांत शिकलेले, कुणाला देवनागरीसुद्धा वाचता येत नाही, म्हणून वाचणाऱ्याची एक वेगळी खुर्ची पहिल्यापासून आहे. आता वाचणाऱ्यांचे डोळे गेलेत, तरी ते कुठेही न अडखळता वाचतात. डॉक्टरांना शंका होती. या शनिवारी मी येऊन वाचावं आणि शब्द जुळले नाहीत तर खुर्ची काढून घ्यावी, असं ठरलं होतं.

"वाचतात कोण?" मी विचारलं.

"तुमच्या शेजारचे टेलर."

मी हातातलं भिंग खाली ठेवलं. ज्या बंगल्यात आमच्या साहेबांना पाऊल टाकता आलं नाही, तिथे मानाची खुर्ची असलेले काका माझे ब्लाउज शिवत होते. तेही हिरव्या दोऱ्याने.

शुक्रवारी काका मशीनवर नुसतेच बसले होते; शनिवारचं त्यांच्या कानावर आलं होतं. मला ओट्यावर बसवलं आणि म्हणाले, "मज वाचतां येत नाही, बाई. कधींच येत नव्हतं." त्यांनी सगळं सांगितलं. वडिलांनी नियम पाठ करवून घेतले होते. कागद हातात धरायचा, बोट फिरवायचं आणि म्हणायचं. वडिलांना तरी वाचता येत होतं का, हे ते कधी विचारू शकले नाहीत. मग त्यांनी ते नियम मला म्हणून दाखवले. पहिली पंगत वाढणाऱ्यांची. येथे कोणी आपला हुद्दा सांगू नये. अध्यक्षाने आपले पान आपण उचलावे. असे नऊ.

"उद्यां जें अहे तेंच वाचा. मजसाठी लबाडी नको," ते म्हणाले. मग म्हणाले, "पण ती खुर्ची गेली तर मी नुसता टेलर, बाई. तेथें मी आलों की अवघे उभे राहतात."

आणि खरंच, शनिवारी ते दारातून आत आले तेव्हा अकरा माणसं उभी राहिली. त्यात एक निवृत्त न्यायाधीश होते, भाताच्या गिरणीचे मालक होते, आजूबाजूच्या गावांतले मोठे जमीनदार होते. आधी जेवण झालं. पानांवर बसले होते क्लबचे आचारी, वॉचमन आणि झाडणारी बाई. वाढत होते न्यायाधीश. वॉचमनने "रसम पोदुम" म्हणून हात आडवा धरला, तेव्हा ते रसमचं भांडं घेऊन मुकाट्याने पुढे सरकले. मी भिंतीला टेकून बघतच राहिले.

मग रेशमी फडक्यातला कागद माझ्यापुढे आला. अक्षर सुंदर, वळणदार. पहिल्या ओळीत एका संस्थापकाचं नाव आणि त्यापुढे: छाती छत्तीस तसू, बाही तेवीस तसू, पोट सुटले आहे, बंद सैल ठेवणे. पुढच्या ओळीत दुसरं नाव: उजवा खांदा उतरता. हे कोटांच्या मापांचं टाचण होतं. तसू हे शिंप्यांचं जुनं माप. नियमांचा कागद वाळवीने खाल्ला असेल, किंवा रेशमात गुंडाळताना कुणीतरी भलताच उचलला असेल. पिढ्यान् पिढ्या ही मोठी माणसं एका सुटलेल्या पोटाला नमस्कार करत आली होती. सर्वांत खाली शिवणाऱ्याचं नाव होतं.

माझं सगळं आयुष्य कागदावर आहे तेवढंच सांगण्यात गेलंय. एक काना इकडचा तिकडे केला नाही म्हणून मी मिरवत आले. काका समोर बसले होते. मान ताठ, हात मांडीवर, चेहरा माझ्याकडे. मी पहिल्या नावाखाली बोट ठेवलं आणि वाचलं, "पहिली पंगत वाढणाऱ्यांची." मग पुढचे आठ.

डॉक्टरांनी उठून काकांची माफी मागितली. खुर्ची राहिली. काका मात्र तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत होते, आणि तेव्हा कुठे मी काय करून बसले हे माझ्या लक्षात आलं.

परतताना रिक्षात त्यांनी माझं मनगट धरलं. "तें खरंच तेथें लिहिलें अहे?"

खरं सांगायचं हे मी ठरवून बसले होते. पण ते मनगट सोडीनात. मी म्हटलं, "आहे, काका."

ते रडायला लागले. "चाळीस वर्षं मी बापास लबाड समजत होतों," म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी ऑपरेशन करून घेतलं. त्याच डॉक्टरांकडे. डोळ्यांवरची पट्टी सुटली तशी वही घेऊन माझ्या दारात उभे. मोडी शिकायची होती. बापाने शिकवलेलं स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं होतं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी! शिकले असते तर तो कागद त्यांनी वाचला असता. एकेक अक्षर मी आठ-आठ दिवस घोळवायची, नसलेल्या चुका काढायची. इतकी वाईट मास्तरीण कुणाच्या वाट्याला येऊ नये. ते बिचारे म्हणायचे, "माझंच डोकं जड."

एक दिवस म्हणाले, अक्षरं राहू देत, आमच्या पणजोबांचं नाव लिहून दाखवा. ते मोठे कारागीर होते म्हणतात, पण त्यांच्या हातचं घरात काहीच उरलं नाही. त्यांनी नाव सांगितलं. मी लिहायला लागले आणि निम्म्यावर माझा हात थांबला. त्या कागदावर सर्वांत खाली हेच नाव होतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर पणजोबांचं अक्षर त्यांना मिळालं असतं, पण बाप पुन्हा लबाड ठरला असता. मी नाव पुरं करून दिलं आणि गप्प बसले. त्यांनी ते गिरवून गिरवून वहीची पानं भरली.

पोंगलच्या आधी चार दिवस काका मशीनवर बसल्या जागी गेले. शिवत असलेला ब्लाउज सुईखाली तसाच होता.

महिन्याभराने डॉक्टर पुन्हा आले. आता दुसऱ्या शनिवारी मी त्या खुर्चीवर बसते. मी आत गेले की अकरा माणसं उभी राहतात आणि मला लाज वाटते. कागद उघडून मी नऊ नियम वाचते. वाचताना डाव्या हाताचा अंगठा खालच्या नावावर ठेवते. ते नाव तिथे कुणालाच वाचता येत नाही. ज्यांना आलं असतं, त्यांना मी शिकवलं नाही.