दोन रकान्यांची वही

मंदाचा फोन आला तेव्हा मी द्वारका चौकाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात उभा होतो. "दादा, हे गेले..." एवढंच ती म्हणाली. माझ्या हातात तिच्या नवऱ्याच्या, सोपानच्याच आजारावरच्या आणखी एका लेखाची गरम पानं होती.

सोपान माझा मावसभाऊ, मखमलाबादकडे झेंडूची शेती करणारा. त्याच्या अन्ननलिकेच्या तळाची झडप नीट उघडत नसे. घास छातीत अडकायचा, मग सोपान तांब्याभर पाणी पिऊन, उभा राहून, हात वर करून तो खाली उतरवायचा. एका लग्नाच्या पंगतीत "लाजतोस काय नवरीसारखा?" म्हणत मीच त्याच्या ताटात आग्रहाने जिलेबी वाढली होती. थोड्या वेळाने तो उठून मांडवामागे गेला आणि आम्ही सगळे हसलो. हे लिहितानाही मान खाली जाते.

आजाराचं नाव कळायलाच काही वर्षं गेली. शस्त्रक्रिया दोन प्रकारच्या होत्या. एकीत पोटाला छोटी छिद्रं पाडून झडपेचे स्नायू कापायचे, दुसरीत तोंडातून दुर्बीण घालून तेच काम आतून करायचं. सोपान म्हणाला, "दादा, मला काय कळतंय त्यातलं? तू सायन्सचा मास्तर, तू सांगशील ती करू." मी फुगलो. निवृत्तीनंतर प्रथमच कुणीतरी मला काही विचारत होतं! वहीत दोन रकाने आखले... टाके, दवाखान्यातला मुक्काम, नंतरची जळजळ, त्रास पुन्हा उद्भवण्याची शक्यता. दर रविवारी मी वाचून दाखवायचो. तो ऐकायचा, दर वेळी आणखी वाळलेला. "अजून थोडं वाचतो," मी म्हणायचो.

खरं आता सांगतो. डॉक्टर मला एकट्याला बाजूला घेऊन म्हणाले होते, "दोन्ही चांगल्या आहेत. कोणतीही करा, पण लवकर करा. झोपेत अन्न फुप्फुसात गेलं तर अवघड होईल." मी सोपानला फक्त 'दोन्ही चांगल्या आहेत' एवढंच सांगितलं. पुढचं सांगितलं असतं तर माझ्या वहीचं कामच उरलं नसतं. आणि डॉक्टर म्हणाले तसंच झालं.

तेराव्यानंतर मंदाने वही परत दिली. शेवटच्या रविवारी तो ती घरी घेऊन गेला होता. ती म्हणाली, "मी लय म्हणायचे, कोणतीबी करून टाकू. पन ते म्हणायचे, दादा एवढी मेहनत घेतोय, त्याला वाईट वाटंल..."

वही माझ्या टेबलावर आहे. शेवटच्या पानावर मी 'निर्णय' असं लिहून खाली दोन रेघा मारून ठेवल्या होत्या. त्याखाली काहीच नाही.