न्यायाधीशांच्या फलकावरून गाळलेलं वाक्य

आयर्लंडमधल्या रिंगास्किडी गावच्या औषध कारखान्यात मी विश्लेषक होते. माझे व्यवस्थापक गावाच्या इतिहास मंडळाचे अध्यक्षही होते. २०१३च्या उन्हाळ्यात गावच्या एका सुपुत्राचे वंशज अमेरिकेतून येणार होते. हा सुपुत्र एकोणिसाव्या शतकात उपाशीपोटी बोटीत चढला, तिकडे वकील झाला, मग आमदार, अखेरीस न्यायाधीश. त्याच्या स्मरणार्थ लावायच्या फलकाचा मजकूर व्यवस्थापकांनी माझ्याकडे सोपवला. खाली माझं नाव येणार होतं, आणि मला ते हवं होतं. परक्या गावात दगडावर नाव लागणं ही लहान गोष्ट नव्हे.

मी त्याची भाषणं आणि निकाल वाचले. गोऱ्या माणसाविरुद्ध चिनी माणसाची साक्ष ग्राह्य धरू नये, हा कायदा त्याने आमदार म्हणून मंजूर करवून घेतला होता. न्यायाधीश झाल्यावर तोच कायदा लावून त्याने खुनाच्या गोऱ्या आरोपीला सोडून दिलं, कारण खून पाहणारे सगळे चिनी होते. मी हे एका वाक्यात लिहिलं.

"मजकूर ग्रँड आहे," व्यवस्थापक म्हणाले. "फक्त हे वाक्य काढ. काळच तसा होता."

"त्याच काळात ते साक्षीदारही जगत होते."

"अगं, पाहुण्यांसमोर त्यांच्या पणजोबांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं का?"

"करा की. ते गोरे आहेत, निदान त्यांची साक्ष तरी ऐकली जाईल."

ते हसले. त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. नको असलेला आकडा खोडायचा नाही, हे मला प्रयोगशाळेत याच गृहस्थांनी शिकवलं होतं. औषधाच्या गोळ्यांचा नियम माणसांना लागू नव्हता तर! 'उपाशीपोटी बोटीत चढला' हे मात्र त्यांना ठळक अक्षरांत हवं होतं.

"वाक्य गेलं, तर माझं नावही काढा," मी म्हणाले. ते नमतील अशी माझी खात्री होती.

"तुझी मर्जी," ते म्हणाले. दोन्ही गेलं.

अनावरणानंतर एका वंशज बाईंनी माझ्या हाती कॅमेरा दिला. फलकाभोवती उभ्या राहिलेल्या त्या कुटुंबाचा फोटो मी काढला, आणि कॅमेरा परत करताना ते वाक्य त्यांना तोंडी सांगितलं. शेजारी उभे असलेले व्यवस्थापक चहाच्या टेबलाकडे निघून गेले. बाईंचा चेहरा उतरला.

"ज्याचा खून झाला, त्याचं नाव काय होतं?" त्यांनी विचारलं.

निकालपत्रात आरोपीचं नाव होतं, वकिलांची होती, न्यायाधीशाचं तर होतंच. मेलेल्याचा उल्लेख 'एक चिनी' एवढाच होता.